गुंडाआण्णांनी तारा सांधल्या

माधवनगरच्या गुंडाआण्णांचा स्वभाव कळायला त्यांच्या लेकीची बोटं बघावीत. दीपमाला शाळेतून आली की दप्तर टाकून शेडात मागापाशी सुताच्या तुटक्या तारा सांधायला उभी राही. एखादी तार तुटून तशीच राहिली आणि कापडाला फट पडली, की आण्णा हातातला लाकडी धोटा तिच्या बोटांवर हाणत. वाया गेलेल्या सुताची ती पाखरं करायची, तीही आण्णा चुलीत घालत. आई मध्ये पडली तर तिलाही प्रसाद मिळे. शेवटी पोरगी घर सोडून साताऱ्याला गेली, ती आईच्या मातीला तेवढी आली आणि पाणीही न पिता परतली.

पुढं माग भंगारात गेला आणि आण्णांचा तोराही. शेजारची शालूबाई दोन वेळची भाकरी देई आणि चार घरी बोलूनही दाखवी. अशा माणसांना लेक आठवते ती अशीच, दुसऱ्याची भाकरी टोचायला लागल्यावर. तेवढ्यात दीपमालाचा फोन आला. ती आता सुतातून कला करत होती, तिचं प्रदर्शन होतं, "बघायला या," एवढंच ती म्हणाली. आण्णांनी घरातले होते नव्हते ते सगळे कपडे पिशवीत भरले.

"आता लेकीकडंच ऱ्हातो म्या," त्यांनी शालूबाईला सांगून टाकलं. लेकीनं तसं अवाक्षर काढलं नव्हतं.

साताऱ्याच्या हॉलमध्ये दीपमालानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि पुण्याचे पाहुणे आणायला ती स्टँडवर गेली. गाडीला उशीर झाला. हॉलच्या मधोमध एक जुना माग मांडला होता. त्यावर पांढऱ्या तारा ताणलेल्या, पण निम्म्याहून जास्त तुटून खाली लोंबत होत्या. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की बंद पडलेल्या एकेका मागासाठी एकेक तार तोडली आहे. आण्णांनी खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला खरा, पण तो पाटी वाचायला नव्हे, तारा बघायला.

एवढा माग मांडला आणि तारा तशाच! चार लोक येतील, पोरीला हसतील. मग मनात आलं, आपण एवढं करून ठेवलं तर ती खूश होईल, स्वतःहूनच म्हणेल राहा. ते उठले, मागावर वाकले आणि गाठी मारू लागले. गाठ बरोबर बसत होती. कंबर मोडून आली तरी ते थांबले नाहीत.

दीपमाला पाहुण्यांना घेऊन आत आली तेव्हा शेवटची तार जुळली होती.

"बघ दीपा, एक बी तुटकी ठेवली न्हाई," आण्णा म्हणाले. "लोकांनी नावं ठेवली असती तुला."

दीपमालाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं टेबलावरची कात्री उचलून बापाच्या हातात ठेवली.

"तोडा."

"आगं, चांगली जुळल्यात की."

"सांधल्या तेवढ्या सगळ्या तोडा. तुमच्याच हातानं."

ज्या माणसानं जन्मभर चांगली तार कापली नव्हती, तो लेकीच्या तोंडाकडे बघत बघत कापू लागला. दर कात्रीला त्याची मान हलत होती. पाहुण्यांना वाटलं, हाच कार्यक्रम आहे. ते भोवती गोळा झाले, मोबाईल वर झाले, एका बाईंनी डोळे टिपले. शेवटची तार पडली तशा टाळ्या वाजल्या.

दीपमालानं त्या टाळ्या ऐकल्या. आपण मांडलं होतं त्यापेक्षा हे सरस आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. ती बापाच्या कानाशी वाकली.

"आण्णा, प्रदर्शन हाय तवर ऱ्हावा हितंच. रोज सकाळी सांधायच्या, लोकं आली की तोडायच्या."

राहा म्हणाली! म्हाताऱ्याचा जीव सुपाएवढा झाला.

"ऱ्हातो की," ते घाईनं म्हणाले. "आन कापड कवा इणायचं?"

"कापड न्हाई इणायचं," ती म्हणाली आणि पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेली.

आण्णा खाली वाकून पहिली तुटकी तार शोधू लागले.