डावा डबा

"आरं, ह्यो डावा डबा मुका हाय, मुका! पोत्यात कोंबल्यागत वाजतूय. निस्ता ढोल बदाबदा. झांज कुठं हाय त्यात? दाव की मला, कुठं हाय?"

"मेल्या, मला दोन्ही सारखेच वाजतायत."

"तुझ्या कोकण्याच्या कानाला गजीचा ढोल काय कळनार? तू लसूण सोल."

"सोलतोच आहे. पण वायरीवर वायर आणतोयस म्हणून बोललो. ही दुसरी."

"ही बी खोटीच निघाली, दुसरं काय! पातळ वायर बारीक आवाज खाती. आमच्या गावचा साऊंडवाला सांगायचा. ढोल पार जातो, झांज वाटंतच मरती."

सदानंदनं मान हलवली आणि लसणाची दुसरी कुडी फोडली. केरूशी वाद घालणं म्हणजे एडक्याशी टक्कर. एडका मागं सरतो तेव्हा तो हरलेला नसतो, जोर घेत असतो.

आखातात, अजमानच्या एका कामगार कॅम्पात, एका खोलीत दुमजली चार खाटा. रविवारची सुट्टी, त्यामुळं बाकीचे बाजाराला गेलेले. राहिले हे दोघे आणि केरूचं नवं खूळ. अँप्लिफायर आणि स्पीकरचे लाकडी दोन डबे, चांगले गुडघ्याएवढे. शारजात कुठल्याशा बिऱ्हाडानं मुलुख सोडताना कचऱ्याच्या पेटीजवळ ठेवून दिलेले. डबे ठेवले, पण वायरी कापून नेल्या. केरूनं ते टॅक्सीच्या डिकीत घालून आणले, खाटेच्या दोन अंगांना दोन पेट्यांवर मांडले, आणि मधे आपण बसला. मोबाईलवर गावच्या जत्रेतला गजीचा खेळ, धनगरांचा नाच, लावला. ढोल, सनई आणि झांज. त्यातली झांज केरूचीच. एका वर्षी रजेवर गेला होता तेव्हाची.

केरू माणदेशातला, धनगर. पावसाशी त्या मुलखाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण. लहानपणी मेंढरामागं, मग दोन लगीनसराया साऊंडवाल्याच्या हाताखाली, आणि मग एका एजंटाचं बोट धरून इकडं. पहिली काही वर्षं लोखंड कापायच्या करवतीवर काढली. करवत डाव्या अंगाला. कानात घालायला स्पंजाची बोंडं मिळायची, पण घामानं ती सटकायची, आणि मुकादम हाक मारायचा ती ऐकू यायची नाही म्हणून शिव्या बसायच्या. मग बोंडं खिशातच राहायची. पुढं रास अल खोरच्या लोखंडाच्या यार्डात त्याला फ्लॅगमन केलं. हिरवं जाकीट घालायचं, हातात झेंडी, ट्रेलर आला की मागं घ्यायचा, फोर्कलिफ्ट येताना माणसं बाजूला करायची. ऊन होतं, पण ओझं नव्हतं. केरूला वाटलं, सुटलो.

तीन आठवड्यांमागं यार्डात रामेश्वर चिरडला. जौनपूरकडचा हेल्पर, पट्ट्या मोजत वाकला होता. फोर्कलिफ्ट रिव्हर्समध्ये आली आणि त्याचा पाय घोट्यापासून गेला. केरू दहा हातांवर उभा होता, गाडी त्याच्या डाव्या अंगानं आली. चौकशी बसली. पहिला सवाल फ्लॅगमनला, "बॅक हॉर्न वाजला का?"

"न्हाय वाजला," केरू म्हणाला. खरं तेच म्हणाला. त्यानं ऐकलाच नव्हता.

गाडी हमदुल्लाची. पेशावरकडचा पठाण, दाढी पिकत आलेला. यार्डात केरूला चहा पाजणारा तो एकटाच. त्यानं कुणाशी हुज्जत घातली नाही. चौकशीच्या टेबलाशी केरूकडं बघून एवढंच म्हणाला, "बजा था, केरूभाई. कसम से बजा था."

मग सगळ्यांच्या समोर गाडी रिव्हर्सला टाकून बघितली. टीट्‌ टीट्‌ टीट्‌, हॉर्न खणखणीत. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागले. मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं, वायरीची पिन हलवून बघितली आणि म्हणाला, पिन ढिली आहे, कधी लागते, कधी सुटते. झालं. वायरीचा दोष. वायर बदलली, पिन बदलली. आणि सकाळी गाडी काढताना हॉर्न तपासायचं काम ड्रायव्हरचं, म्हणून हमदुल्लाला गाडीवरून उतरवलं. पगार बंद. कॅम्पातल्या खाटेवर तिकिटाची वाट बघत बसला. केरूचा चहा तेव्हापासून कॅन्टीनच्या मशीनचा.

तर असा हा केरू. दुपारी भात-कालवण खाऊन उठला आणि तिसऱ्या वायरीसाठी शारजाच्या बसला बसला.

शारजातल्या रोल्ला बाजारात एका बोळात वासिफचं टाचणीएवढं दुकान. मुलतानचा माणूस. छताला वायरींची वेटोळी, जणू सापांचा बाजार. केरूनं खिशातनं आधीच्या दोन वायरींचे तुकडे काढून काउंटरवर टाकले. वासिफनं ब्लेड घेतलं, एका तुकड्याचं रबर सोललं आणि तांबूस तार हलकेच खरवडली. आतनं पांढरी निघाली.

"ये देख. अंदर अल्युमिनियम, ऊपर तांबे का पानी. दुल्हन का मेकअप. दो बार मोड़, टूट जाएगा."

"आनि ही दुसरी?"

वासिफनं दुसरी खरवडली. खरवडली, आणखी खरवडली. तांबडी ती तांबडीच.

"ये तो असली है. किससे ली?"

"अजमानमधून."

"अच्छी दी है उसने. तेरे कमरे में कितनी लगती है, चार हाथ? उसके लिए ये बहुत है. फिर मेरे पास क्यों आया?"

केरू शोकेसकडं बघत राहिला. आत जाड वायरी, बोटाएवढ्या, त्यांना सोनेरी पिना. मधे फुगीर असलेली ती पिन, बनाना पिन म्हणतात तिला. "त्यो सोनेवाला दिखाव. बायाँ साइड का आवाज दबा हुआ आता है."

"सोने से आवाज नहीं खुलती, हबीबी. वो शेख लोगों के लिए है, दिखाने के लिए. तार सीधे घुसेड़ दे, पेच कस दे, वही आवाज आएगी. अच्छा, ये बता, दोनों तार अदल-बदल करके देखा?"

आता खरी मेख इथं होती. साऊंडवाल्याच्या हाताखाली पहिल्या दिवशी पोरांना शिकवतात ते हेच. एका अंगाचा आवाज बसला की डावी वायर उजव्या डब्याला लावायची आणि उजवी डाव्याला. खोड वायरीबरोबर पलीकडं गेली तर वायर खोटी. जागेवरच राहिली तर डबा खोटा. मांडवात वरात येऊन उभी राहिली तरी आधी हे करायचं, मग दुसरं. केरूनं हे लग्नामागून लग्नांत केलेलं. आणि खोलीत डबे आणून आठवडा झाला, दोन वायरी झाल्या, तरी हात तिकडं गेला नव्हता. वायर रोल्ल्यात मिळते. वायरीचा दोष बरा.

"देखा," केरू म्हणाला.

"फिर? खराबी उधर गई?"

"न्हाय. उधरच रही."

"तो तार मत ले. तेरा डब्बा खराब है. मैं पैसे ले लूँगा, मेरा क्या जाता है, पर तार मत ले."

"तू दे रे. कितना?"

"साठ. ले जा, फिर गाली मत देना."

"साठ म्हंजे चौदाशे रुपये," केरू स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला, आणि पाकीट उघडलं. ज्यानं सहा दिरहमसाठी बसवाल्याशी भांडण काढलं असतं तो माणूस घासाघीस न करता पैसे मोजत होता. वासिफनं एकदा त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि वायर पिशवीत घातली.

खोलीवर आला तेव्हा सदानंद खाटेवर आडवा होता. केरूनं नवी वायर लावली. सोनेरी पिना डब्याच्या पाठीत खटकन बसल्या. गजी लावली, मधे बसला. उजवीकडनं झांज लख्ख, जशी पितळी परात फरशीवर पडावी. डावीकडनं ढोल. पोत्यात कोंबल्यागत.

"कशी आहे?" सदानंदनं विचारलं.

केरू उठला. डावी वायर काढून उजव्या डब्याला लावली, उजवी डाव्याला. बसला. डावीकडं ढोल, पोत्यात. म्हणजे डबा. मग त्यानं डबेच उचलले. डावा उजवीकडं ठेवला, उजवा डावीकडं. मघाशी लख्ख वाजणारा डबा आता डाव्या कानाशी होता. तो मुका झाला. आणि आठवडाभर ज्याला शिव्या घातल्या तो मुका डबा उजव्या कानाशी खणखणत होता.

"मेल्या, काय मांडलंयस काय?" सदानंद उठून बसला.

केरूनं मग शेवटचं केलं. डब्यांना हात लावला नाही. आपणच उठला आणि भिंतीकडं तोंड करून उलटा बसला. मुकेपण त्याच्याबरोबर पलीकडं गेलं.

गजीचा खेळ रंगात आला होता. गावचे लोक आरोळ्या देत होते. झांज वाजवणारा केरू पंधराशे मैलांवर जीव तोडून झांज वाजवत होता, आणि ऐकणाऱ्या केरूच्या डाव्या कानाशी त्यातलं काही पोचत नव्हतं.

"सदा," तो भिंतीकडंच बघत म्हणाला, "वाजला असंल रं."

"काय वाजला?"

"हॉर्न. पठान म्हनला की, वाजला म्हून."

सदानंदला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो खाली उतरला आणि आधी गजी बंद केली. "हे बघ, तू बोलू नकोस कुठं. खोटं थोडंच बोललास तू? ऐकलंस तेच सांगितलंस. आता तोंड उघडलंस तरी तो पठाण जाणारच, आणि वर तूही राहणार नाहीस. बहिऱ्याला फ्लॅगमन कोण ठेवील?"

"त्ये ठावं हाय मला."

"मग झोप गप."

दुसऱ्या दिवशी यार्डात बस थांबली तशी केरू हेल्मेट काखेत घेऊन सरळ चारुदत्तसाहेबाच्या केबिनीत गेला. चारुदत्त पुण्याचा, सेफ्टी ऑफिसर. चौकशीचा रिपोर्ट त्यानंच लिहिलेला. एसीत बसून सँडविच खात होता.

"साहेब, त्यो हमदुल्लाचा हॉर्न वाजला असंल. मला डाव्या कानानं बारीक आवाज येत न्हाय. काल घरी तपासलं म्या."

चारुदत्तनं सँडविच खाली ठेवलं. "कशानं तपासलंस?"

"डब्यांनी. गान्याच्या."

"केरू, लिसन. तुझं मेडिकल झालंय ना या वर्षी? फिट लिहिलंय ना?"

"छातीचा फोटू काढला, रगात घेतलं. कानात कोन बघतंय?"

"फिट लिहिलंय. खाली सही माझी आहे, की हा माणूस फ्लॅगमनच्या ड्यूटीला ओके आहे. आता मी काय लिहू? की आम्ही बहिरा माणूस उभा केला? मग त्या रामेश्वरचा पाय कुणाच्या अंगावर येतो, सांग." त्यानं दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला. "तू जाशील, मी जाईन, आणि त्याचं तिकीट काही कॅन्सल होणार नाही. आजची फ्लाइट आहे त्याची. रिपोर्ट वर गेलाय, क्लोज झालाय. खलास."

"आनि माजा कान?"

"बघू. पुढच्या मेडिकलला बघू. तू गाडी उजव्या बाजूला येईल असा उभा राहा. आणि हे बाहेर बोलू नकोस, तुझ्याच भल्याचं सांगतोय."

केरूनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. अख्खी रात्र जागून त्यानं जे उचलून आणलं होतं ते टेबलावर टाकलं होतं, आणि साहेबानं ते उचलून परत त्याच्याच खांद्यावर ठेवलं होतं.

गेटवर हमदुल्ला उभा होता. हेल्मेट, बूट, पास जमा करायला आला होता. पायात चपला, शेजारी दोरीनं आवळलेली बॅग. कंपनीची गाडी चालू ठेवून ड्रायव्हर खोळंबला होता. केरू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हमदुल्लाभाई. बजा होगा. मेरा ये कान गया है. कल पता चला."

हमदुल्लानं त्याच्या कानाकडं बघितलं, मग तोंडाकडं. चिडला नाही. चिडला असता तर केरूला बरं वाटलं असतं.

"मुझे क्यों बता रहा है? मुझे तो मालूम था बजा था. उनको बता."

"उन्हीं को बताके आया."

"फिर?"

"खलास बोले."

पठाणानं बॅगेची दोरी हातावर गुंडाळली. "लोहे के कटर पर था न तू? मेरे भाई का भी ऐसे ही गया. पहले एक, फिर दूसरा." एवढं बोलून गाडीत बसला. काच वर केली. गाडी वळली आणि रास अल खोरच्या धुळीत दिसेनाशी झाली.

"ओ फ्लॅगमन! यल्ला, यल्ला, जल्दी आ!" मागनं कुणीतरी ओरडलं. पट्ट्यांनी भरलेला ट्रेलर गेटात अडकून बसला होता.

केरूनं झेंडी घेतली. ट्रेलर उजव्या कानाला येईल असा उभा राहिला. मग डावी बाजू फोर्कलिफ्टच्या वाटेला उघडी पडली. तो फिरला, तर ट्रेलर डावीकडं गेला. पुन्हा फिरला. शेवटी ट्रेलर उजवीकडं ठेवला, आणि डावीकडं दर दोन दमाला मान वळवून बघायचं ठरवलं.

"आन दो," त्यानं झेंडी हलवली आणि डावीकडं बघितलं. "आन दो... आन दो..." डावीकडं बघितलं. "आन दो..."