बग्गीखान्याच्या तीन पायऱ्या

इमारतीत एकदाही पाऊल न टाकता तिचं काय करायचं ते ठरवणारे लोक असतात. कुणाबद्दल बोलतेय ते त्यांना कळेलच. सिंगापुरात बुकित तिमाहमधल्या एका जुन्या बंगल्याचा तबेला आणि बग्गीखाना आमच्या ऑफिसकडे दुरुस्तीला आल्यापासून असे किस्से इतके साठलेत, की हॉकर सेंटरला जेवायला बसलो की आधी तेच निघतात. जुनी वास्तू म्हणून कायद्याचं संरक्षण फक्त दर्शनी भागाला. आत काय राहणार, काय जाणार, सगळं मालकाच्या हातात. माझी झोप उडाली होती ती त्यामुळे.

*

मालकांचा मॅनेजर लिम पहिल्याच दिवशी अस्सल सिंगापुरी हेलात म्हणाला, "हे घोड्यांचं पार्किंगच ना? मग पार्किंगच करू, लाह."

मी तोंड उघडलं. माझे बॉस देशपांडे सर हळूच म्हणाले, "सई, आधी चहा."

*

तबेल्याच्या छपराखाली लाकडी झडपा आहेत, गरम हवा तिथून बाहेर पडते. आमचा पुण्याचा इंजिनिअर केदार याने एसी बसणार म्हणून त्या प्लास्टिकने बंद करून टाकल्या. एसी आलेलाच नव्हता आणि मीटिंग आतच होती.

थोड्या वेळाने केदारच शर्ट झटकत उठला. "बाहेर बसूया का? आत फारच सिंगापूर आहे."

*

घोड्यांच्या खणांना अर्धी-अर्धी दारं आहेत, वरचा भाग उघडला तरी खालचा बंद राहतो. सर एका खणात शिरून, खालच्या दारावर कोपरं टेकून लिमला कमानी समजावत होते. लिमने फोटो काढून ग्रुपवर टाकला: "हे इमारतीबरोबरच मिळतात का?"

सर आठवडाभर हसत होते. मी नाही.

*

शेवटच्या मीटिंगला मालक पहिल्यांदाच बग्गीखान्यात आले. बग्ग्या थेट आत याव्यात म्हणून तिथली जमीन अंगणाच्या पातळीलाच आहे. ना उंबरठा, ना पायरी. पाहुण्यांच्या हॉलसाठी मालकांना ती उंच करून दारात तीन संगमरवरी पायऱ्या हव्या होत्या. काम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं.

"ही जमीन गेली की बग्गीखाना संपला," मी म्हणाले. "उरतील नुसत्या भिंती."

"मिस, माझे पाहुणे बग्गीतून येत नाहीत."

सर ड्रॉइंगकडे बघत बसले.

तेवढ्यात अंगणातून खडखड ऐकू आली. मालकांचे वडील. ते व्हीलचेअरवर असतात. बंगल्याच्या पायऱ्यांवर ड्रायव्हर आणि मदतनीस बाई त्यांना खुर्चीसकट उचलतात. आज ती दोघं मागेच राहिली होती. आजोबा स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत सरळ आत आले, टेबलाशी थांबले आणि त्यांनी ड्रॉइंगमधल्या पायऱ्यांवर बोट ठेवलं.

"आता इथेही मला उचलणार?" त्यांनी मुलाला विचारलं.