शेवटचं कडवं

मुरुमच्या स्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा सुटल्यावर उमरग्याची एसटी येईपर्यंत मी तिथंच बसतो. तो फारसं बोलत नाही. काम करताना गुणगुणतो आणि गिऱ्हाईक आलं की गप्प होतो.

वीसेक वर्षांपूर्वी त्यानं लिहिलेलं, त्यानंच गायलेलं एक गाणं इकडं अजून प्रत्येक वरातीत वाजतं. नाचणाऱ्यांना ते पाठ असतं, पण ते कुणाचं हे ठाऊक नसतं. आमच्याकडं गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. त्यानंही गुंफलं होतं. डीजेवाले मात्र दोन कडवी झाली की पुढचं गाणं लावतात. मला त्यांचा राग येतो. त्याला येत नाही, याचा जास्त येतो.

वरात दुकानासमोर आली की त्याचा हात थांबतो. गाणं बदललं की तो पुन्हा खाली मान घालून स्क्रू फिरवू लागतो.

परवा वरात पुढं गेल्यावर मी म्हणालो, "एकदा सगळं म्हणून दाखवा की."

"लई दिवस झालं, गुरुजी," म्हणत त्यानं खडखडणारा पंखा बंद केला आणि डोळे मिटून गायला लागला. आवाज अजून खणखणीत होता. दुसरं कडवं संपलं. मी त्याच्या नावाची वाट बघत राहिलो. त्यानं डोळे उघडले आणि पंखा चालू केला.

"आणि पुढचं?" मी विचारलं.

"पुढं काय न्हाय," तो म्हणाला. "एवढंच हाय गाणं."