कुंकवाखालचा नंबर

एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात पिशव्यांची लेबलं छापायचं काम माझ्याकडं होतं. एकदा कंप्युटर बंद पडला. फॉरमॅट करून सगळं नव्यानं टाकलं, तर लेबलाचं सॉफ्टवेअर लायसनचा नंबर मागायला लागलं. नंबरचा स्टिकर सीपीयूवर होता, पण दसऱ्याच्या पूजेत बराबर त्याच्यावरच कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. ओल्या फडक्यानं घासलं, तर कुंकवाबरोबर शेवटची दोन अक्षरंही गेली.

मी भडकलो. "कोन्या शहाण्यानं पूजा केल्ती?"

आमचे म्हातारे शिपाईमामा म्हणाले, "तुम्हीच, साहेब. कागदावर लावू नका म्हनलो, तर माझ्यावरच वरडले."

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, आधी तुमचा लायसनचा नंबर सांगा. मी फोन आपटला आणि खुर्ची ओढून बसलो. एक अक्षर धरायचं, त्याच्यापुढं बाकीची सगळी लावून बघायची, मग दुसरं धरायचं. दोन दिवस जेवणाचा डबाही तिथंच उघडला. तिसऱ्या दिवशी दुपारी लेबल छापून बाहेर आलं.

पुढच्या दसऱ्याला मी कुंकवाच्या करंड्याकडं हात नेला. मामांनी करंडाच उचलून घेतला. "साहेब, तुम्ही भायेर जाऊन नारळ फोडा."