पिवळ्या शेंड्यांचं रेडवुड

आर्लीन बेटनकोर्टने उभा जन्म खेकडे सोलायच्या शेडमध्ये काढला. तिथल्या वासाने नव्या पोरी पहिल्याच दिवशी तोंडाला रुमाल लावून पळायच्या, पण आर्लीनला त्याचं कधी काही वाटलं नाही. तिला किळस यायची ती माणसांची. चर्चमध्ये हातात शिंकून तोच हात हस्तांदोलनाला पुढे करणाऱ्यांची. पाव कॉफीत बुडवून गळक्या तोंडाने बोलत राहणाऱ्यांची. हायवेवर गाडी थांबवून रेडवुडच्या, त्या आभाळाला भिडलेल्या झाडाच्या, बुंध्याला मिठी मारायची आणि लगेच त्याच बुंध्यामागे आडोसा बघायचा, असल्या प्रवाशांची तर तिला शिसारी यायची. ऑल्डर बेंड गावात तिच्या जिभेतून सुटलेला माणूस विरळा. एक गस सुटला होता, तिचा नवरा.

गस ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. लाकडाची मिल बंद पडल्यावर मिळेल ते काम करायचा आणि गावच्या अग्निशमन दलात फुकट राबायचा. नाकात केस, पायात वेगवेगळे मोजे, पण आर्लीनला त्याचं सगळं चालायचं. एका वाढदिवसाला त्याने तिला पावाएवढी लाकडाची गाठ आणून दिली. रेडवुडच्या बुंध्यावर अशा गाठी फुगतात आणि पाण्यात ठेवल्या की त्यांना कोंब फुटतात. इथल्या दुकानांतून त्या प्रवाशांना विकतातही.

"मिलच्या आवारात एक जुनं खोड कुजत पडलं होतं, त्याची कापून आणली," गस म्हणाला होता.

"लोक बायकोला फुलं आणतात, मेल्या," आर्लीन म्हणाली खरी, पण एक खोलगट थाळी काढून तिने त्यात गाठ ठेवली, पाणी घातलं आणि थाळी खिडकीत मांडली.

कोंब फुटले. तिने सगळ्यांत दांडगा ठेवला, बाकीचे खुडले. त्याला मुळं धरवली, कुंडीत लावलं. कुंडी लहान पडली की मोठी, मग त्याहून मोठी, आणि शेवटी व्हिस्कीचं अर्धं पिंप. दर वेळी ती गोल गुंडाळलेली मुळं बोटांनी सोडवायची, कारण ती तशीच राहिली तर झाड स्वतःचाच गळा आवळतं. कुंडीतलं रेडवुड एकदा का सुकलं की परत येत नाही, म्हणून धुकं नसलेल्या दिवशी ती पानांवरसुद्धा पाणी मारायची. झाड तिच्या डोक्यावर गेलं. एवढंच, की दर वसंतात त्याचे नवे शेंडे लोण्यासारखे पिवळे यायचे. आर्लीनला वाटायचं आजार आहे. तिने लोहाचं औषध घातलं, माती बदलली, जागा बदलली, नर्सरीवाल्याचं डोकं खाल्लं. शेंडे आपले पिवळेच.

गस गेला तेव्हा जाताना एवढंच म्हणाला, की ते झाड आमच्या दलाच्या फायर हॉलसमोर लाव, मला तिथं बरं वाटेल. दोन वर्षांनी गावच्या समितीची परवानगी मिळाली. शनिवारी लावायचं ठरलं, गसच्या नावाच्या फळीसकट.

शुक्रवारी दुपारी डेल मकॉर्ड आला. हा गसचा जिवाभावाचा मित्र. गालात सदा तंबाखू. मागे एकदा तो पोर्चवर बसल्या बसल्या कुंडीत थुंकला होता, तेव्हा आर्लीनने त्याला झाडूने हाकलला आणि वरची माती चमच्याने खरवडून फेकली. आज मात्र त्याने येतानाच थुंकायला डबा आणला होता, आणि काखेत काहीतरी चादरीत गुंडाळलेलं.

"बघ," त्याने चादर सोडली. "महिनाभर घासत होतो."

लालसर लाकडाची चकचकीत फळी होती. अंगभर भोवरे, डोळे, लाटा. त्यावर कोरलेलं: गस बेटनकोर्ट. झाडांवर त्याचा जीव होता.

आर्लीनला भरून आलं. डेलला ती पहिल्यांदाच खुर्ची पुढे करणार होती.

"शेवटचा तुकडा होता," डेल म्हणाला. "बाकीचा केव्हाच विकला, पण हा गसच्या नावाने ठेवून दिला होता. म्हटलं, झाड आणि फळी एकाच आईची. शेजारी शेजारी शोभतील."

"कुठल्या आईची?"

"अगं, वळणावरची म्हातारी."

वळणावरचं ते झाड सगळ्या गावाला ठाऊक होतं. फायर हॉलकडे जाणारा रस्ता त्याला वळसा घालूनच जातो. एका हिवाळ्यात नक्षीदार लाकूड विकणाऱ्या गाठचोरांनी त्याच्या बुंध्यावरची दाराएवढी गाठ करवतीने उतरवून नेली होती. आर्लीनने गसला गाडी थांबवायला लावली होती. गस खाली उतरला, त्या लालभडक जखमेवर पंजा ठेवला आणि तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडला, की असल्यांचे हात झडले पाहिजेत. त्या दिवशी तिला त्याचा फार अभिमान वाटला होता.

"तुला सांगितलं असेल की त्याने," डेल म्हणाला. आता त्याचा आवाज जरा बसला. "करवत माझी होती. त्याने नुसती बत्ती धरली. मिल बंद, आर्लीन. आम्ही काय करायचं होतं?"

"निघ."

"पण शनिवारी..."

"फळी ठेव आणि निघ. डबा घेऊन जा तुझा."

तो गेल्यावर ती सिंकपाशी गेली. डेल घाणेरडा आहे हे तिला आधीपासून माहीत होतं, त्याचं काही नाही. पण जखमेवर ठेवलेला तो पंजा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तोच पंजा आठवड्याभराने गाठ घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला होता आणि तिने त्याची पापी घेतली होती. तिने चूळ भरली. पुन्हा भरली.

तरी मन म्हणत होतं, डेल थापाड्या आहे. दारू आणि तंबाखूने मेंदू सडलाय त्याचा. मिलच्या आवारात खोड असेलही. संध्याकाळी ती ट्रक काढून वळणावर गेली.

इतक्या वर्षांत ती नुसती जवळून जायची, शिव्या देत. उतरून बघायचा धीर व्हायचा नाही. आज गेली. जखम आता काळपट पडली होती, पण तिच्या कडेकडेने म्हातारीने कोंब काढले होते, जणू पदर ओढून घेत होती. हे दिवस नव्या पालवीचे. शेजारच्या रेडवुडांचे शेंडे हिरवे होते, म्हातारीच्या कोंबांचे सगळे पिवळे. लोण्यासारखे.

आजार नव्हताच तर. ते झाड इतकी वर्षं दर वसंतात तिला आपल्या आईचं नाव सांगत होतं आणि ती त्याला औषध पाजत होती. आर्लीन तिथंच रस्त्याकडेला ओकली.

शनिवारी फायर हॉलसमोर लोक जमले ते नेहमीसारखे गलका करत आले नाहीत. एकेक गाडी वळणावरून येत होती आणि उतरणारा माणूस आर्लीनकडे बघायचं टाळत होता. डेल आला तो मानेपर्यंत लाल होऊन. समितीच्या पॅटी होल्मग्रेनला काही कळलं नव्हतं, ती हॉलमागेच राहते, वळणावरून आलीच नव्हती.

"आर्लीन, फळी कुठंय गं? इथं खांब रोवून ठेवलाय आम्ही."

"लावली सकाळी," आर्लीन म्हणाली. "वळणावर. जखमेच्या बरोबर खाली."

डेलने थुंकायला तोंड वळवलं, आर्लीनने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने तंबाखू गिळली. मग तिने त्याच्या हातात फावडं दिलं. पिंप फोडून तिने मुळं सोडवली, त्याने खड्डा केला, दोघांनी मिळून झाड उतरवलं. झाडाचा काही गुन्हा नव्हता. बादली मात्र तिने डेलच्याच पायाशी ठेवली.

"पाऊस लागेपर्यंत रोज एक. तू मरेपर्यंत दर उन्हाळ्यात. मी बघायला येणार आहे."

"येतो," डेल पुटपुटला.

पॅटीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तिचं भाषण फळीवरच्या ओळीपासून सुरू होत होतं. "तूच दोन शब्द बोल ना गसबद्दल," ती हळूच म्हणाली.

आर्लीनने हात स्कर्टला पुसले. माती काही निघेना.

"भांडी घासताना तो फार छान गायचा," ती म्हणाली. "मला अजून ऐकू येतं. बाकीचं वळणावर लिहिलंय."

आणि वाकून तिने पहिलं पाणी घातलं.