परवानगीची टेकडी

शालन गेल्याची बातमी वाऱ्याच्या आवाजात आली. कतारमधल्या लुसैलच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. टेबलावरचा फोन थरथरला, गावाकडचा नंबर दिसला म्हणून मी बाहेर आले आणि खाली ट्राम दिसते त्या काचेपाशी उभी राहून व्हॉइस मेसेज लावला. आधी नुसता वारा, मग धापा, आणि मग हिराबाईचा आवाज, "ताई, शालन सिस्टर गेल्या ओ... मी खाली आले तवर..." पुढे पुन्हा वारा. हिराबाई म्हणजे शालनच्या गावची आशा कार्यकर्ती. माझा नंबर तिला शालननेच देऊन ठेवलेला. तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण तो वारा मी ओळखला. नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या त्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही. ती मिळते फक्त टेकडीवरच्या एका खडकावर, आणि शालनने त्या खडकाला माझ्यासमोर इतक्या वेळा शिव्या घातल्या होत्या की तो माझ्याही ओळखीचा झाला होता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग जरा निवळला की लिहू, असं मी ठरवलं होतं. तो निवळण्याचं काही लक्षण दिसत नाही, तेव्हा आहे तसाच लिहिते.

आमची ओळख दोह्यातल्या एका हळदीकुंकवात झाली. सगळ्या माझ्यासारख्याच, इंजिनिअर नवऱ्यांबरोबर आलेल्या, पुण्या-मुंबई-नाशिकच्या. त्यात एक सावळी, ठसठशीत बाई मोरपंखी साडी चापून नेसून आली आणि वाण हातात पडायच्या आत तिने जाहीर केलं, "मी शालन भोये. बिरकत अल अवामेरला कामगारांच्या क्लिनिकात नर्स आहे. इथं नागलीचं पीठ कुठं मिळतं, कुणी सांगेल का?" नागलीचं कोणाला माहीत नव्हतं, पण नर्स म्हटल्यावर सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले. शालनने सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं, तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि म्हणाली, "वहिनी, मला ऐकायची परवानगी आहे, सांगायची नाही." बायका हसल्या. मीही हसले. तो विनोद नव्हता हे मला पुढे कळलं.

नागली आम्हाला एशियन टाउनमध्ये सापडली, दक्षिणेकडच्या दुकानात, रागी या नावाने. त्यानंतर सुट्टीच्या शुक्रवारी तिथे जाणं हा आमचा नेमच झाला. शालन पीठ हातावर घेऊन हुंगायची, दुकानदाराला हिंदीत दम द्यायची, मग बाहेर कडक चहाचा कागदी कप घेऊन कठड्यावर बसायची. कामगार समोरून जाताना ओळखून "सलाम, सिस्टर" म्हणायचे. ती प्रत्येकाला काहीतरी विचारायची, खोकला थांबला का, घरी फोन झाला का, पाणी पितोस का. आणि तिच्या पर्समध्ये सदैव एक कापडी पिशवी असायची, जुन्या साडीच्या काठाची शिवलेली, नाडीची. त्यात स्टेथोस्कोप. एकदा मी सहज म्हटलं, "अगं, इथल्या सगळ्या नर्सेस गळ्यात घालून हिंडतात की. तू काय दागिन्यासारखा जपतेस?" तिने कप खाली ठेवला. "गळ्यात घातला होता एकदा," ती म्हणाली. "भर मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, सिस्टर, तो खिशात ठेवा, लोकांचा गैरसमज होतो... त्या दिवसापासून गळ्याला लावला की मला पोळल्यासारखं होतं."

ती मीटिंग गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली आणि साहेब म्हणजे तिथले वैद्यकीय अधिकारी. डॉक्टर डोंगरात जायला तयार नसतात, म्हणून नर्सिंग केलेल्यांना काही महिन्यांचा जादा अभ्यासक्रम देऊन उपकेंद्रावर नेमायची योजना निघाली, त्यात शालन होती. पद मोठं झोकदार, समुदाय आरोग्य अधिकारी. नोकरी कंत्राटी. आणि नेमणूक नेमकी तिच्या माहेरच्या पाड्यावर. तिने तपासायचं, ओळखायचं, साध्या आजारांवर औषध द्यायचं. पण कपाटातली काही औषधं अशी, की ती द्यायची तर आधी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. फोन करायचा तर टेकडी चढायची. म्हणजे रोगी खाली, औषध खाली, औषध देणारी वर. शालन साडी खोचून टेकडी चढायची, खडकावर उभी राहून ओरडून ओरडून सगळं सांगायची, आणि पलीकडून डॉक्टर जेवता जेवता म्हणायचे, "द्या, द्या." गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं सिस्टर वर देवाला विचारायला जाते. ती सांगायची, "देव बरा वं ताई. तो निदान मध्येच फोन ठेवत नाही."

मग एका दुपारी खळ्यावर भात झोडताना एका लहान मुलीला विंचू चावला. लाल विंचू. मुलगी घामाने थबथबलेली, हातपाय गार. विंचवावरची गोळी कपाटात होती, आणि टेकडी समोर. शालनने टेकडीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि गोळी दिली. मुलगी जरा स्थिर झाल्यावर तिला आजीच्या आणि हिराबाईच्या हवाली करून ती धावत वर गेली आणि डॉक्टरांना फोनवर काय केलं ते सांगितलं. तिचा भाबडेपणा असा, की तिला वाटलं शाबासकी मिळेल. "कोणाच्या आदेशाने?" एवढंच त्यांनी विचारलं. मुलगी जीपमधून रुग्णालयात पोचली, चार दिवसांनी हसत परत आली. त्या पाठोपाठ शालनला नोटीस आली, अधिकारकक्षेबाहेर जाऊन औषध दिल्याबद्दल. चौकशीला आलेल्या मंडळींना तिने चहा पाजला. पाड्यावरच्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या, हिराबाई सगळ्यात पुढे. सगळ्यांनी सगळं पाहिलं. वर्ष संपल्यावर कंत्राट पुढे वाढलं नाही आणि उपकेंद्राच्या दाराला कुलूप लागलं. "पोरगी गेली असती ना ताई," शालन मला म्हणाली होती, "तर कोणी हूं का चूं केलं नसतं. वाचली म्हणून चौकशी झाली."

इथे कतारला ती रागाने आली, आणि रागानेच काम उत्तम करायची. बिरकत अल अवामेरच्या त्या क्लिनिकमध्ये डॉक्टर भले होते, शेजारच्याच खोलीत बसायचे. तिचं काम ताप बघणं, बीपी घेणं, ड्रेसिंग करणं, रोग्याला आत पाठवणं. "यल्ला, नेक्स्ट," म्हणजे चला, पुढचा. संध्याकाळ झाली की खलास. मी विचारलं, इथे तुला घुसमटल्यासारखं होत नाही? ती म्हणाली, "इथं कशाला होईल? इथं मला मनाई आहे, कारण डॉक्टर शेजारी बसलाय. शहाण्यासारखी मनाई आहे. तिकडं डॉक्टर नव्हता, तरी मनाई होती." मी नोकरीनिमित्त परिषदा भरवते. आरोग्यावरची कितीतरी भाषणं माझ्या कानावरून गेली असतील. या एका वाक्याच्या जवळपास जाणारं त्यांत काही नव्हतं.

अशाच एका परिषदेचा पास मी तिला दिला होता. लुसैलमधलंच हॉटेल, जाड गालिचे, आणि विषय दुर्गम भागातल्या आरोग्यसेवेचा. पडद्यावर नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांच्यावरच्या स्लाइड सरकत होत्या. कुठल्या कुठल्या देशांत खेड्यापाड्यांत हे लोक स्वतः तपासतात, निदान करतात, औषध लिहून देतात, आणि कायदा त्यांच्या पाठीशी उभा असतो, असं एक बाई सांगत होत्या. शालन माझ्या कानाशी लागली, "म्हणजे मी जे केलं, त्याला तिकडं पदवी देतात?" मी मान हलवली. "आणि आपल्याकडं नोटीस," ती म्हणाली आणि जरा मोठ्यानेच हसली. पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून पाहिलं.

प्रश्नोत्तरांच्या वेळी ती उभी राहिली. मंचावर आपल्याकडचे एक मोठे अधिकारी होते, धोरण वगैरे ठरवणारे. तिने हिंदीत विचारलं, "सर, जिथे डॉक्टर येतच नाही, तिथे आम्ही औषध दिलं तर गुन्हा. मग द्यायचं कोणी, तेवढं सांगा." साहेब प्रसन्न हसले. "व्हेरी गुड क्वेश्चन, सिस्टर. वुई विल टेक इट ऑफलाइन." टाळ्या वाजल्या, अगदी खऱ्याखुऱ्या टाळ्या. कशासाठी, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाच ठाऊक.

आणि ते ऑफलाइन झालंसुद्धा. चहाच्या वेळी साहेब तिला शोधत आले. मराठीत म्हणाले, "सिस्टर, कालपासून डोकं जड आहे हो. जरा बीपी बघता का? इथे कुठे डॉक्टर शोधत बसू?" हॉटेलच्या प्रथमोपचार खोलीत यंत्र होतं. शालनने पिशवीची नाडी सोडली, स्टेथोस्कोप काढला, बीपी घेतलं. "जास्त आहे सर." "मग आता काय घेऊ?" त्यांनी विचारलं. शालनने स्टेथोस्कोप पिशवीत घातला, नाडी ओढली, गाठ मारली. "ते मला सांगता येणार नाही, सर. डॉक्टरांना विचारा." साहेबांचा चेहरा पडला. लिफ्टमध्ये आम्ही दोघी पोट धरून हसलो, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग शालनचं पाणी थांबेना... आणि मला कळलं, की हे हसू नाही.

यंदा त्याच उपकेंद्राची जागा पुन्हा निघाली, त्याच पदाची, पुन्हा कंत्राटी. मी तिला म्हटलं, वेडी आहेस का, इथलं सगळं सोडून पुन्हा त्याच खडकावर उभी राहणार? ती म्हणाली, "ताई, कुलूप आहे गं दाराला. माझ्या पाड्यावरच्या बायका कुलपाकडं बघून परत जातात." रजा काढून ती मुलाखतीला निघाली. जायच्या आदल्या दिवशी घरी आली, माझ्या मुलीचे केस विंचरून दिले आणि ती पिशवी माझ्या हातात ठेवली. "आत्ता नेत नाही. आदेश निघाला की पाठव. या खेपेला गळ्यात घालूनच दार उघडीन. बघू कोणाचा गैरसमज होतो." तिची मुलाखत चांगली झाली. आदेश निघायचा होता.

त्या सकाळी भावाच्या घरी तिच्या छातीत कळ आली. तिला काय होतंय ते तिचं तिला कळलं. भाऊ जीप आणायला खालच्या गावाला धावला. हिराबाई आली. उपकेंद्राची किल्ली तिच्याकडे असते, लसीकरणाच्या दिवशी उघडायला. शालनने तिला सांगितलं, कपाटातली पाण्यात विरघळणारी गोळी आण, ॲस्पिरिनची, रक्त पातळ करणारी. हिराबाईने आणली. गोळी तिच्या मुठीत होती. "दे," शालन म्हणाली, "मी सांगते ना." आणि हिराबाई म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आता कामावर नाही ना ओ..." तिने त्या विंचवाच्या वेळची चौकशी पाहिली होती, दारात सगळ्यात पुढे उभी राहून. ज्या बाईला एका गोळीपायी घालवलं, तिच्याच समोर ती गोळी घेऊन उभी होती. शहाणी बाई जे करील तेच तिने केलं. पदर खोचला आणि परवानगी मागायला टेकडी चढली. डॉक्टरांना फोन लागला. ते तिच्यावर खेकसले, "अहो, द्या ना! विचारत काय बसलात?" गोळी मुठीत धरून ती उतारावरून पडत-झडत खाली आली, तोवर शालन गेली होती. मग ती पुन्हा वर चढली, मला कळवायला.

त्या गोळीने शालन वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. डॉक्टर मंडळी सांगतील की खात्री कशाचीच देता येत नाही, आणि ते खरंही असेल. मला खात्री आहे ती वेगळ्याच गोष्टीची. ती चौकशी एकट्या शालनसाठी नव्हती. ती सगळ्या पाड्याला दिलेली शिकवणी होती, आणि पाडा ती नीट शिकला. ज्यांनी ती दिली ते आपापल्या खुर्च्यांवर खुशाल आहेत, एखाद्या गालिच्यावर "व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणत असतील. मला त्यांचा संताप येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

हिराबाई अधूनमधून शुक्रवारी फोन करते. वाऱ्यातून दर वेळी तेच विचारते, "ताई, मी दिली असती तर?" मी म्हणते, हिरा, तुझं काही चुकलं नाही. ती म्हणते, "मग कोणाचं चुकलं?" मी सांगायला लागते, तेवढ्यात रेंज जाते. मागच्या खेपेला मी तिला म्हटलं, शालनचा स्टेथोस्कोप तुझ्याकडे पाठवते, तिची आठवण म्हणून ठेव. ती घाबरलीच. "नको ओ ताई. माझ्या घरात कोणी पाहिला तर मलाबी काढतील."

तेव्हा मी पिशवीची नाडी सोडली. शालनने मारलेली गाठ होती, सुटता सुटेना. स्टेथोस्कोप बाहेर काढला आणि दाराजवळच्या खुंटीवर, आल्यागेल्याला समोरच दिसेल असा टांगला. मुलगी शाळेतून आली, बघत राहिली. "आई, इट विल गेट डस्टी. पुट इट बॅक इन द बॅग."

"नाही," मी म्हटलं. "पिशवीत खूप वर्षं राहिलाय तो."