सासूबाईंची बॅग कोणी भरली?

भुतंबितं हा प्रकार मी कायम हसण्यावारी नेलाय. पुण्यात इंजिनिअरिंग, मग डब्लिनला चेरीवूडच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग... पुरावा दाखवा, मग बोलू, हा माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

२००४ चा जून. माझ्या सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. चौथा महिना चालू होता आणि आमचं दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. बदल म्हणून समीरनं, माझ्या नवऱ्यानं, आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोमध्ये आठवडाभरासाठी कॉटेज भाड्यानं घेतलं. वेस्टपोर्टपासून अर्ध्या तासावर. चहूकडे दगडी बांध आणि मेंढ्या. शेजार नाही. दार एकच.

पहिल्या दिवशी दुपारी समुद्रावरून परतलो, तर आईंची बॅग दाराच्या आत उभी. गच्च भरलेली. प्रेसमधल्या – म्हणजे कपाटातल्या – साड्या, बाथरूममधला कंगवा, गोळ्यांचा डबा, सगळं आत. आमच्या वस्तूंना धक्काही नव्हता.

"आई, विसरलीस का गं? आजच निघायचं नाहीये," समीर हसला. आई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॅग दाराबाहेर, पायरीवर. दोरीवर वाळत घातलेली साडीसुद्धा ओलीच आत कोंबलेली. निघताना छत्री आणायला मी एकटीच आत गेले होते... आईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तोंडानं सांगायचंस की गं. मी आपणहून गेले असते."

"आई, शप्पथ, मी हातसुद्धा लावलेला नाही!"

समीर माझ्याकडे न बघता बॅग आत घेऊन गेला. त्याचाही माझ्यावर विश्वास नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी हट्टानं घराची आणि गाडीची, दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात घातल्या. आईंनी बॅग रिकामी करून पलंगाखाली ढकलली. दाराला कुलूप लावून आम्ही तिघं समोरच्या गवतावर बसलो. दार समोर, गाडी समोर, लख्ख ऊन. कोणी उठलं नाही.

तासाभरानं आत गेलो. आईंच्या खोलीत आईंचं काहीच नव्हतं. चादर अशी ताणलेली, की तिथे कुणी कधी झोपलंच नसावं. बॅग घरात कुठेच सापडेना. शेवटी समीरनं गाडीची डिकी उघडली...

आत होती.

आम्ही तसेच निघालो. किल्ली परत द्यायला वाटेत घरमालकिणीच्या घरी थांबलो. ती दारात आली. आम्ही काही विचारायच्या आतच "घर तर ग्रँड आहे," – म्हणजे तिकडच्या बोलीत, काही बिघडलेलं नाही – म्हणाली आणि दार लावून घेतलं.

डब्लिनला आल्यावरही आई बॅग उघडेनात. तिच्याशेजारी नुसत्या बसून राहायच्या. जेवणही सुटलं. चौथ्या दिवशी मी ताट घेऊन गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"एकदा खरं सांग. तूच होतीस ना?"

"हो आई," मी म्हणाले. "मीच."

त्यांनी मनगट सोडलं, ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या परत गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. सुनेनं घालवून दिलं, हे कराडात सगळ्यांना माहीत आहे. मी कधी खोडून काढलं नाही. किल्ल्या कुणाच्या खिशात होत्या हे समीरला पक्कं ठाऊक आहे, तरी तो अजून मधूनच विचारतो – "खरंच तू नव्हतीस?"

बॅग कोणी भरली, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी जावं असं मला वाटत होतं, हे खरं आहे. पण ते मी कुणापाशी बोलले नव्हते.